सोंग घरचं, खर्च शंभराच्या आत

मागच्या भागानंतर ठाण्याहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या सोसायटीत ३१ ऑक्टोबरला मुलांचं हॅलोविन असतं. ऑनलाइन बघावं तर भुताचा बरा ड्रेस सातशे-आठशेच्या खाली नाही, आणि पोरगा तो एकदाच घालणार. घरच्या घरी स्वस्तात काही होईल का, असं त्यांनी विचारलंय.

होईल की. पण त्या आधी थोडं आमच्या गावाबद्दल सांगतो, कारण हा प्रश्न मला इथे वेगळ्या नावानं दरवर्षी भेटतो. आमचं खर्डी म्हणजे कसारा लाइनवर शेवटून तिसरं स्टेशन. पुढे उंबरमाळी, मग कसारा, मग घाट. मी आठवड्यातून दोन दिवस लोकलनं ऑफिस गाठतो, बाकी दिवस घरून कोड लिहितो. शेजारच्या खोलीत आईचं शिलाई मशीन चालू असतं. ती ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. म्हणजे घरात कात्रणांना तोटा नाही. त्यामुळे डिसेंबर उजाडला की आजूबाजूची पोरं चिठ्ठी घेऊन दारात. 'दादा, मला भाजीवाली आलंय.' 'दादा, मला झाड आलंय.' आमच्याकडे याला हॅलोविन म्हणत नाहीत. याला म्हणतात फॅन्सी ड्रेस.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या एका पाड्यावरच्या बाई मला म्हणाल्या, 'त्या दिवशी मी पोरीला शाळेत पाठवतच नाही.' पोरगी तिसरीतली, एरवी एक दिवस शाळा न बुडवणारी. कारण साधं होतं. तिला 'परी' आली होती. कल्याणला परीचा ड्रेस भाड्यानं साडेतीनशे, वर पाचशे डिपॉझिट, शिवाय आणायला आणि परत द्यायला दोन खेपा. म्हणजे बाईंचे दोन दिवस मोडणार. हिशोब करून बघा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. एका परीच्या पंखांत आईची तीन दिवसांची मजुरी जाते. म्हणून मग पोरगी त्या दिवशी 'आजारी' पडते. हजेरीवर 'गैरहजर' एवढंच लागतं, कारण कुठेच लिहिलं जात नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. एक, सोंगाला एकच खूण लागते. ती बरोबर जमली की बाकी अंगावर मुलाचे रोजचे कपडे चालतात. दोन, मुलाला स्टेजवर करायला एक काम पाहिजे. नुसतं उभं राहून 'मी परी आहे' म्हणायचं असेल तर सगळा भार ड्रेसवर पडतो, आणि मग ड्रेस महाग होतो.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे विठोबा. खूण कोणती? कमरेवर हात आणि पायाखाली वीट. विटेची आमच्या तालुक्यात काय कमतरता! मुकुटासाठी दिवाळीच्या मिठाईचे खोके जपून ठेवा, आतला सोनेरी पुठ्ठा भारी असतो. विठोबाचा मुकुट उंच आणि गोलसर असतो, रामासारखा टोकदार नाही. मुलाच्या डोक्याचा घेर सुतळीनं मोजायचा, दोन बोटं जास्त धरून पट्टी कापायची, तिच्यावर नळकांडं चिकटवायचं आणि आतून कात्रणाची गादी द्यायची, नाहीतर पुठ्ठा कपाळाला कापतो. कानात मासे पाहिजेत, मकरकुंडलं. तीही पुठ्ठ्याचीच, दोऱ्यानं कानावर अडकवायची, टोचायची नाहीत. आजीची पिवळी साडी असली तर पितांबर झालं. गळ्यात अंगणातल्या तुळशीची माळ, कपाळाला गंध. खर्च झाला तर फेविकॉलचा.

एक सांगतो. विठ्ठल काळा म्हणून पोराच्या तोंडाला काळं फासू नका. वीट आणि कमरेवरचे हात दिसले की लहान मूलसुद्धा ओळखतं. आणि विठोबाला संवाद नाही! जे मूल घरी कातकरी नाहीतर ठाकरी बोलतं, ज्याला माइकसमोर पुस्तकी मराठीची चार वाक्यं म्हणायचा धसका असतो, त्याला विठोबा द्या. दोन मिनिटं विटेवर न हलता उभं राहणं हेच त्याचं काम. मी पाहिलंय, अख्खा हॉल शांत होतो.

गाडगेबाबा तर सोंगांचा राजाच म्हणा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगावचा. गेले २० डिसेंबर १९५६ ला, म्हणजे पुण्यतिथी बरोबर स्नेहसंमेलनाच्या दिवसांत येते. आजोबांचा जुना सदरा घ्या. तो फाडायचा नाही, हे नीट ऐका. वेगवेगळ्या रंगांची ठिगळं मोठ्या धावदोऱ्यानं वरून टाचायची, कार्यक्रम झाला की दोरा ओढला, सदरा पुन्हा आजोबांचा. हातात खराटा. एका कानात कवडी असायची आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा, असं बाबांचं वर्णन आहे. कवडी दोऱ्यानं लोंबती ठेवा. काचेचा तुकडा मात्र नको, हिरव्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून कापा आणि कडा मेणबत्तीवर किंचित धरून बोथट करा, हे काम मोठ्यांनीच करायचं. डोक्यावरच्या खापरासाठी नारळाची करवंटी घासून गेरूनं रंगवा, खालून इलॅस्टिक.

आणि काम? गाडगेबाबा झालेल्या मुलानं आधी स्टेज झाडायचं. पडदा उघडला की थेट झाडायला लागायचं, पाहुण्यांच्या खुर्च्यांखालूनसुद्धा. मग लोकांकडे वळून एकच प्रश्न विचारायचा, 'तुमच्या दारापुढचं कोण झाडतं?' बस. मखमलीचे दहा राजे येऊन गेले तरी लक्षात हाच राहतो.

सावित्रीबाईंचं सांगतो, कारण ३ जानेवारीला बहुतेक शाळांत चार-पाच सावित्रीबाई असतात आणि निम्म्या मुली लुगडं सुटेल या भीतीनं भाषणच विसरतात. नऊवारीची लांबी आठ मीटरच्या आसपास. पहिलीतल्या पोरीला ती गुंडाळली तर तिची गादी होते. त्यापेक्षा आईच्या जुन्या सुती साडीचा अर्धाच भाग घ्या, खाली लेगिंग घाला, निऱ्या आधीच घालून त्या पट्टीवर शिवून टाका आणि कमरेला इलॅस्टिक. कासोटा मागे दोन टाक्यांनी पक्का करायचा. पदर खांद्याला सेफ्टीपिननं, पण पिनेचं तोंड आतून कापडाच्या तुकड्यानं झाका. आई हे वीस मिनिटांत करते, मला तासभर लागतो. हातात पाटी किंवा पुस्तक. पदरावर एका बाजूला शेणाचा डाग दाखवायचा असेल तर ओली माती लावा. त्या डागाची गोष्ट पोरीला माहीत असू द्या, तीच तिनं सांगायची. शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल फेकायचे म्हणून त्या एक जादा लुगडं बरोबर ठेवायच्या, ही गोष्ट तिसरीतल्या मुलीला पाठ करावी लागत नाही. एकदा ऐकली की राहते.

आता जरा कडू बोलतो. दरवर्षी चिठ्ठ्यांमध्ये एक चिठ्ठी 'आदिवासी' अशी असते. मग काय होतं हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. कमरेला पानं, डोक्यात पिसं, तोंडाला काळा रंग, हातात भाला आणि सिनेमातलं ते 'झिंगालाला'. अहो, समोर सतरंजीवर बसलेल्यांत ठाकूर आहेत, वारली आहेत, कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत. त्यांचे आईबाप मागे उभे आहेत, शर्ट-पँटमध्ये, साडीत. त्यांच्यातला कोणीही पानं गुंडाळून आलेला नाही. हे सोंग स्वस्त आहे म्हणून शिक्षक सुचवतात, हे मला कळतं. पण ते ज्याच्या जिवावर स्वस्त होतं तो तिथेच बसलेला असतो.

त्याऐवजी राघोजी भांगरे करा ना. महादेव कोळी समाजातला हा वीर इंग्रजांविरुद्ध लढला, २ मे १८४८ ला त्याला फाशी दिली ती आपल्या ठाण्याच्या तुरुंगात. लोकलनं आपण ज्या ठाण्याला उतरतो, तिथेच. किंवा नाग्या कातकरी, २५ सप्टेंबर १९३० च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातला हुतात्मा. धोतर, मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी किंवा कोयता. कोयता पुठ्ठ्याचाच, आणि त्याला चंदेरी कागद. पाड्यावरच्या घरात यातलं पुठ्ठ्याशिवाय काहीही विकत आणावं लागत नाही. शहरातल्या मुलाला धोतर शोधावं लागेल, पाड्यावरचा पोरगा आजोबांचं घेऊन येईल. एकदा तरी फायदा त्याच्या बाजूनं लागू दे.

मुखवट्यांबद्दल मेसेज बरेच आहेत, त्यामुळे तिथे थोडा वेळ घालवू.

कसाऱ्यावरून विहीगाव-खोडाळ्याच्या रस्त्यानं वर गेलं की मोखाडा. त्या भागात, जव्हारकडेही, होळीनंतर बोहाडा होतो. रात्री संबळ आणि पिपाणीच्या तालावर देवांची, राक्षसांची सोंगं नाचत येतात. मुखवटे लाकडाचे असतात आणि कागदाच्या लगद्याचेही. एकदा मुखवटा चढला की खाली अंगावर कोणतं कापड आहे इकडे कोणाचंही लक्ष जात नाही, हे मी तिथेच बघून शिकलो. मुलांसाठी आपल्याला लगद्याचाच मुखवटा करायचाय.

वर्तमानपत्राचे तुकडे करा, कात्रीनं नको, हातानं फाडा, म्हणजे धागे सुटतात. रात्रभर पाण्यात. सकाळी पिळून पाट्यावर नाहीतर उखळात कुटा. मिक्सरला घालणार असाल तर घरात आधी परवानगी घ्या, मला अजून मिळालेली नाही. मूठभर मेथ्या भिजवून वाटून त्यात घाला. आपल्या आज्या कागदाच्या टोपल्या करताना हेच करायच्या. मेथीचा चिकटा धरून ठेवतो आणि कीड लागत नाही. मग मैद्याची खळ. काही जण खळीत मोरचूद घालतात, मुलांच्या तोंडाला लागणाऱ्या वस्तूत ते अजिबात घालू नका, विष आहे.

साचा म्हणून पालथं पातेलं किंवा मातीचा ढिगारा, वर प्लॅस्टिकची पिशवी. लगदा अर्ध्या बोटाच्या जाडीनं थापायचा. नाक, भुवया, गाल थोडे जास्तच वर काढायचे, कारण वाळताना ते बसतात. डिसेंबरच्या उन्हात दोन-तीन दिवस पुरतात. पावसाळ्यात हा उद्योग करूच नका. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, आठ दिवस मुखवटा ओला राहतो आणि नवव्या दिवशी त्याला बुरशी येते. आषाढीला म्हणूनच साधा वारकरी बरा. टोपी, टाळ, बुक्का, झालं.

आता मुखवटा घालायचा कुठे? तोंडावर घालू नका. लहान मुलाला त्यातून बाजूचं दिसत नाही, श्वास कोंडतो आणि आवाज माइकपर्यंत पोचत नाही. कपाळाच्या वर, टोपीसारखा बसवा. खाली मुलाचा चेहरा मोकळा. वाघ असेल तर वर वाघ, खाली पोरगा, आणि गालावर काजळाच्या तीन रेषा.

रंगाचंही सांगतो. चेहऱ्याला काजळ, हळद, गंध, घरातली पावडर एवढंच. रंगपंचमीचा उरलेला रंग, ऑइल पेंट, स्केचपेन यांतलं काही नको. दाढीला कापूस चिकटवतात, तो नाकात जातो आणि दिव्याजवळ भस्सकन पेट घेतो. सुतळी उसवून तिचे धागे कापडाच्या पट्टीवर टाचा, पट्टीला इलॅस्टिक लावून कानामागे. पांढरी पाहिजे तर लोकर.

आता ताईंच्या हॅलोविनकडे येऊ. हा सण मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. तिथे आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, लोक अमेरिकेला गेले आणि तिथे भोपळा मिळाला, कोरायलाही सोपा. स्कॉटलंडमध्ये मुलं सोंग घेऊन दारोदार जायची आणि खाऊ मिळायच्या आधी एखादं गाणं नाहीतर विनोद करून दाखवायची. आपल्याकडे शिमग्याला सोंगं घेऊन पोस्त मागतात ते काय वेगळं आहे? त्यामुळे हॅलोविन परकं म्हणून नाक मुरडायचं मला काही कारण दिसत नाही. फक्त भुतं तरी आपली घ्या. मुंजाला काय लागतं? एक पंचा आणि पिंपळाची फांदी. शेंडीसाठी काळ्या लोकरीची जुडी.

हडळीची खूण तर सगळ्यांना पाठ. उलटे पाय. जुन्या, मोठ्या मापाच्या सपाता घ्या, पुठ्ठ्याची पावलं कापून टाचेच्या बाजूला चिकटवा, बोटं मागे. वरून आईचा लांब परकर, म्हणजे मुलीचे खरे पाय झाकले जातात. आधी कोणाला काही कळत नाही, मग एक जण खाली बघतो आणि किंचाळतो. चाळीस रुपयांत यापेक्षा चांगलं भूत बाजारात मिळणार नाही. पुठ्ठा टाचेमागे चार बोटांपेक्षा जास्त नको, जिन्यात अडकतो. अजून एक, हडळ सोसायटीतच ठेवा. गावच्या स्टेजवर मी ती करत नाही. आमच्या भागात एखाद्या एकट्या बाईला 'भुताळी' म्हणून वाळीत टाकणं ही अजून गोष्टीतली गोष्ट झालेली नाही, त्याची टिंगल पोरांकडून करवून घ्यायला मन धजत नाही.

आणि दिवे सांभाळा. हॅलोविन दिवाळीच्या आसपासच येतं. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. दारोदार पणत्या आणि त्यातून नायलॉनचा झगा घातलेली पोरं पळणार, हे डोळ्यांसमोर आणा. सुती कापड वापरा, झगा घोट्याच्या वर ठेवा. पांढऱ्या चादरीचं भूत करायचं तर चादरीला डोळ्यांची भोकं पाडू नका, मूल वळलं की भोकं जागेवर राहत नाहीत. डोक्यावरून पदरासारखी घ्या, तोंड उघडं, डोळ्यांखाली काजळ फिसकटलेलं.

कोणतंही सोंग असो, आदल्या दिवशी टेस्टिंग. हा माझ्या धंद्याचा भाग आहे, त्यात मी तडजोड करत नाही. ड्रेस घालून मुलानं मांडी घालून बसायचं, दोन्ही हात वर करायचे, पायरी चढून उतरायची, पाणी प्यायचं आणि एकट्यानं लघवीला जाऊन यायचं. शेवटच्यात बहुतेक ड्रेस नापास होतात. मग मागे पिन असेल ती पुढे घ्या, नाडी असेल तिथे इलॅस्टिक घाला. कार्यक्रम दहाला म्हणतात आणि पाहुणे साडेबाराला येतात, तोपर्यंत पोरगं त्याच ड्रेसमध्ये असतं.

शिक्षक मंडळी ऐकत असतील तर एक विनंती. चिठ्ठ्या टाकायच्या आधी वर्गातल्या सगळ्यात गरीब घराचा विचार करून एकेक चिठ्ठी बघा, त्या घरात हे होईल का? 'परी' आणि 'अंतराळवीर' आपोआप गळतील. शंभर रुपयांची मर्यादा लावा. अर्धे गुण मुलानं स्वतः केलेल्या वस्तूला आणि तिच्याबद्दल त्यानं सांगितलेल्या माहितीला ठेवा. भाड्याच्या मखमलीला मग आपोआप कमी गुण पडतात, कोणाला काही बोलावं लागत नाही. आणि जमलं तर स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या. सुट्टी लागली की आमच्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात त्यांची पोरं ड्रेसअभावी गळतात असं म्हणायलाही जागा नसते, ती गावातच नसतात.

आम्ही तिघा मित्रांनी एक पत्र्याची पेटी सुरू केली आहे. झालेलं सोंग धुऊन, घडी घालून त्यात ठेवायचं, पुढच्या वर्षी दुसऱ्या पोराला. सध्या आत दोन मुकुट, तीन मुंडाशी, ठिगळांचा एक सदरा, शिवलेल्या निऱ्यांची चार लुगडी, वाघ, अस्वल आणि एक मोर आहे. मोराची मान मोडली आहे, या रविवारी बघतो. उसनवारीची नोंद शंभर पानी वहीत. एक्सेल शीट करून बघितली होती, पण वही पोरं स्वतः लिहितात. ती परी आलेली मुलगी आता पाचवीत आहे, वही तिच्याकडे असते आणि परत न आणणाऱ्यांच्या घरी तीच जाते. वीट मात्र पेटीत ठेवत नाही, जड होते.

पेटीत जुन्या गोल चष्म्याच्या फ्रेमा कमी आहेत. गांधीजी आणि बाबासाहेब एकाच दिवशी आले की पंचाईत होते. कोणाकडे पडून असतील तर काचा काढून पाठवा. टोपरी, फेटे, जुनी सुती लुगडी चालतील. मखमल नको, ती धुता येत नाही.